शाळेतल्या दंततपासणीतून इंटर्न्सना खरंच काही शिकवायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी मराठवाड्यातल्या एका डेंटल कॉलेजात पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्री शिकवते. बीडीएसची ४ वर्षं झाली की वर्षभर इंटर्नशिप, त्यातले ३ महिने मुलं आमच्या विभागात असतात. या काळात शाळांची शिबिरं होतात. म्हणजे काय, तर सकाळी बस, बॅनर, नारळ, मग व्हरांड्यात खुर्च्या मांडून तपासणी. एकानं मिरर-प्रोब घेऊन तोंडात बघायचं, दुसऱ्यानं डीएमएफटी, म्हणजे किडलेल्या, किडीनं गेलेल्या आणि भरलेल्या दातांचा आकडा, लिहायचा. कीड दिसली की कॉलेजात यायची चिठ्ठी. शेवटी टूथपेस्ट वाटप आणि फोटो.

मागच्या वर्षअखेरीस मी चिठ्ठ्यांची स्थळप्रत आणि ओपीडीचं रजिस्टर शेजारी ठेवून बसले. आलेली मुलं एका हाताच्या बोटांवर मावली. उपचार फुकट असले तरी एसटीचं भाडं आणि आईची बुडालेली मजुरी कोण देणार? त्यात सहाव्या वर्षी येणारी दाढ काहीही न पडता मागच्या बाजूला गुपचूप उगवते, त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते. "पडंल की आपोआप." ती कायमची असते हे सांगायला आमच्या शिबिरात कुणाला वेळ नसतो.

पण मला खरं लागलं ते वेगळंच. माझा एक इंटर्न परराज्यातला, हुशार आहे. तिसरीतल्या मुलीला त्यानं हिंदीत विचारलं, दर्द होता है? तिनं मान हलवली, नाही. त्यानं तसं लिहिलं आणि पुढचं मूल बोलावलं. दुपारी खिचडीच्या पंगतीत ती माझ्यासमोर बसली होती. घास सगळा डाव्या गालात, उजवीकडे जीभसुद्धा जाऊ देत नव्हती. जवळ जाऊन "ठणकतं का गं रात्री?" म्हटल्यावर डोळे भरले. फॉर्म मात्र अगदी बरोबर भरला होता, कोड वगैरे सगळे.

म्हणून यंदा शाळा कमी घ्यायच्या आणि एकाच शाळेत परत परत जायचं, असं डोक्यात आहे. पहिली-दुसरीतल्या मुलांच्या दाढांना सीलंट (खाचा बुजवणारा लेप), सहा महिन्यांच्या अंतरानं दोनदा फ्लोराइड वार्निश, म्हणजे कीड रोखायला दातांवर लावायचा लेप (जुलै आणि जानेवारी), आणि जमेल तिथे एआरटी, म्हणजे हाताच्या अवजारांनी कीड खरवडून ग्लास आयनोमर हे दातात भरायचं सिमेंट भरायचं. १९८० च्या दशकात टांझानियात सुरू झालेली पद्धत आहे, ड्रिल लागत नाही की वीज.

अडचणी: पालकांची लेखी संमती कशी मिळवायची? निर्जंतुक अवजारं कशी पुरवायची? आणि इंटर्नला मार्क कशावर द्यायचे? आत्ता लॉगबुकात फक्त "किती मुलं तपासली" एवढाच रकाना आहे.

पाटीपेन्सिल: मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. मॅडम, जानेवारीत आलात तर अर्धा वर्ग रिकामा दिसेल. आमची पोरं दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात. काही हंगामी वसतिगृहात राहतात, पण सगळी नाही. पहिली फेरी जूनअखेर करा आणि दुसरी दिवाळीच्या सुट्टीआधी. संमतीचा कागद दप्तरातून पाठवू नका, त्याची होडी होते. पालकसभेच्या दिवशी या, अंगठे-सह्या तिथेच होतील. आणि तपासणी खिचडीच्या आधी उरका, नाहीतर दातात भातच बघाल.

दाढदुखी: कोकणात प्रॅक्टिस करतो, पूर्वी शिकवायचो. पिशवीबंद, ऑटोक्लेव्ह केलेले (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक केलेले) अवजारांचे जितके सेट, तितकीच मुलं. ४० सेट असले तर ४०. बादलीत बुडवून तोच मिरर पुढच्या तोंडात घालायचं पाप मीही इंटर्न असताना केलंय.
मार्कांचं: प्रत्येक इंटर्नला १० मुलं नावानिशी वाटून द्या. त्यांची कीड, घर, आई कुठे कामाला जाते, उपचार पुरा झाला का, अडला तर कुठे अडला, हे त्यानं लिहायचं आणि तुम्ही तोंडी विचारायचं. दातांच्या सर्वेक्षणाला १२ वर्षांची मुलं घेतात ते ठीक, पण दाढ वाचवायची तर पहिली-दुसरीतच. तालुक्याच्या आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, मुलांच्या आरोग्यतपासणीची सरकारी योजना) पथकालाही गाठा. २०१३ पासूनच्या त्या कार्यक्रमात दातांची कीडही येते. एकच मूल दोघं तपासतात आणि भरत कुणीच नाही, असं होऊ देऊ नका.

धागाकर्ती: ऊसतोडीचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. इथे राहून! वेळापत्रक बदलते. इंटर्न्ससाठी शब्दांची यादी करायला घेतली आहे: ठणकणं, कळ येणं, सणक, दात आंबणं, हिरडी सुजणं. अजून सुचवा.

पाटीपेन्सिल: शब्द शिकवाच, पण दुखतं का विचारलं की पोरं नाहीच म्हणणार, सुईच्या भीतीनं. शेंगदाणे कुठल्या बाजूनं खातोस, असं विचारा.