थंड हवेतली सिरा: व्हिऑन्ये किती घालावी?

द्राक्षवेल: कॅनबेराजवळच्या थंड, उंच भागातल्या द्राक्षांपासून ऱ्होन (फ्रान्समधला वाइनचा प्रदेश) पद्धतीची रेड वाइन करायची आहे. सिरा, ग्रेनाश आणि मूर्वेद्र ही तिन्ही काळी द्राक्षं घ्यावी की सिरा-व्हिऑन्ये, म्हणजे सिरात थोडी पांढरी व्हिऑन्ये?

तळघर: सिरा-व्हिऑन्ये. मूर्वेद्र फार उशिरा पिकते. थंड वर्षी कच्ची राहते आणि वाइन हिरवट, तुरट लागते. ग्रेनाशचंही थोडंफार तेच. ऱ्होनमधल्या कोत-रोती भागात नियमाने व्हिऑन्ये २०% पर्यंत चालते, पण दोन्ही एकत्रच आंबवावी लागतात. प्रत्यक्षात बहुतेक जण त्याच्या निम्म्याच्याही खाली राहतात. १०० किलो द्राक्षांत ५ किलो व्हिऑन्ये पुष्कळ झाली.

द्राक्षवेल: तयार पांढरी वाइन नंतर मिसळली तर?

तळघर: रंग नुसता पातळ होईल. एकत्र आंबवताना व्हिऑन्येच्या सालीतली द्रव्यं सिराच्या रंगद्रव्याला धरून ठेवतात. सगळी गंमत तिथेच आहे.

ओकपिंप: व्हिऑन्ये आधी पिकली तर तोडून शीतगृहात ठेवा. वेलीवर अतिपक्व झाली तर वाइनला जर्दाळूचा भडक वास येतो आणि सिराचा मिरीचा गंध झाकला जातो. मिरीचा हा गंध सालीतल्या रोटंडोन या द्रव्यामुळे येतो, थंड वर्षी जास्तच. वाइन मुरवायला नवी ओकची पिंपं टाळा. प्यायला देताना १५-१६ अंश सेल्सिअस. पुण्यातल्या मे महिन्यात 'रूम टेंपरेचर'ला दिली तर नुसता अल्कोहोल नाकात जाईल.