मिलिटरी ट्रकमागं १२ व्होल्टची ट्रॉली : दोन बॅटऱ्यांच्या मधून तार काढणं बंद करा

गोदाकाठचा वायरमन

गेवराई, माजलगाव, परतूर या पट्ट्यात लष्कराच्या लिलावातले ट्रक आता बऱ्यापैकी दिसायलेत. कुणी त्यावर बोअरची मशीन बसवतं, कुणी उन्हाळ्यात पाणी वाहायला घेतं. गाडी दणकट आहे, त्यात वाद नाही. माझा वाद तिच्या मागं जोडलेल्या ट्रॉलीच्या लाइटवरून आहे.

ट्रक २४ व्होल्टचा. १२-१२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, आणि डिनामो चार्ज करायला लागला की २४ चे २८ होतात. ट्रॅक्टरचा पाण्याचा टँकर १२ व्होल्टचा. सरळ जोडला तर बल्ब गेलाच समजा. म्हणून आपल्याकडचे वायरमन दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या मधल्या पट्टीवरून तार काढतात. मीटर १२ दाखवतो, लाल दिवा लागतो, मालक खूश होऊन पैसे देतो.

नुकसान नंतर होतं. ट्रॉलीचा करंट एकाच बॅटरीतून जातो, पण चार्जिंगचा करंट दोन्हींतून सारखाच वाहतो. डिनामो बघतो ते एकूण २८. त्यातली एक बॅटरी मागं पडली हे त्याला कळायला मार्गच नाही. खालची, म्हणजे जिच्यातून ट्रॉलीला करंट जातो ती, रोज थोडी रिकामी राहते, वरची भरलेली असून चार्ज होत राहते आणि तिचं पाणी उकळून उडतं. शेवटी सेल्फ मारला की नुसती टकटक, आणि मालक बॅटरीवाल्याशी भांडायला जातो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. मधून तार काढणारा माणूस केबिनमध्ये एक टॉगल स्विच बसवतो, त्यावर मागचे लाल दिवे लागतात आणि काम संपतं. ब्रेक लाइट आणि साइड इंडिकेटर ट्रॉलीला कुणी देतच नाही. ट्रकचे स्वतःचे ब्रेक लाइट टँकरच्या आड झाकलेले. मागच्या मोटारसायकलवाल्याला गाडी थांबली हे कळणार कसं?

बरोबर पद्धत अशी. २४ चे १२ करणारा चांगला कन्व्हर्टर घ्या. मागचे दोन ५-५ वॅटचे, ब्रेकचे दोन २१-२१ चे आणि इंडिकेटरचे दोन २१-२१ चे, सगळं एकदम लागलं तर ९४ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर ८ अँपियरच्या आसपास. १५ अँपियरचा कन्व्हर्टर आरामात पुरतो. सोबत २४ व्होल्ट कॉइलचे चार रिले, म्हणजे थोड्या करंटवर दुसरी लाइन जोडणारे स्विच : मागचा दिवा, ब्रेक, डावा, उजवा. ट्रकच्या ब्रेक लाइटची तार रिलेच्या ८५ नंबरच्या पिनला, ८६ अर्थला, कन्व्हर्टरचे १२ व्होल्ट ३० ला, आणि ८७ वरून ट्रॉलीच्या ब्रेक लाइटला. बाकी तिन्ही तसेच. ट्रकची मूळ वायरिंग कुठंही कापायची नाही आणि २४ च्या बाजूला बॅटरीजवळच फ्यूज टाकायचा.

टँकरवाला_अंबड

दादा, तुमचं गणित कागदावर ठीक आहे. माझी गाडी मधल्या पट्टीवरच चालते. दोन ५ वॅटचे बल्ब, एक अँपियरसुद्धा ओढत नाहीत. एवढ्या मोठ्या बॅटरीला त्यानं काय फरक पडतो? आणि आम्ही दोन्ही बॅटऱ्यांची जागा अधूनमधून बदलतो, खालची वर, वरची खाली. सरळ उपाय आहे. कन्व्हर्टर, चार रिले, मजुरी हा खर्च उन्हाळ्याचे चार महिने टँकर चालवणाऱ्यानं कुठून काढायचा? टँकरची बिलं कधी निघतात ते तुम्हाला माहीत आहे.

गोदाकाठचा वायरमन

अंबडचे दादा, बिलांचं मला माहीत आहे, म्हणूनच बॅटरी वाचवा म्हणतो. तुमचे ५-५ वॅटचे बल्ब रात्रभर, दहा तास लागले तर एका बॅटरीतून ८ अँपियर-तास जातात. एका रात्रीत काही होत नाही, कबूल. पण तो फरक रोज साठत जातो. अदलाबदल केली की तोटा दोघींत वाटला जातो, थांबत नाही. आणि हे फक्त मागच्या दिव्यांचं झालं. ब्रेक आणि इंडिकेटर जोडणार की नाही, याचं उत्तर तुम्ही दिलं नाही.

पार्ट्स दुकान, बीड बायपास

कन्व्हर्टरची गरजच काय? ट्रॉलीचे बल्ब २४ चे घाला. खाचा त्याच, होल्डर तोच. धुळे-सोलापूर रस्त्यावर ट्रकचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतात. २४ वर करंट निम्मा, म्हणजे लांब तारेत व्होल्टेज वाया जातं ते कमी आणि दिवा चांगला लागतो. ब्रेक, इंडिकेटर सगळं ट्रकच्या मागच्या सॉकेटवरून सरळ घ्या. ना रिले, ना कन्व्हर्टर. जितकी जोडणी कमी तितकी बिघाडाला जागा कमी, हे माझं ठाम मत आहे.

ऊसवाहतूक माजलगाव

दुकानवाले भाऊ, ट्रॉली कायम त्याच ट्रकमागं राहणार असेल तर तुमचं बरोबर. आमच्याकडं तसं नसतं. कारखाना सुरू झाला की तीच ट्रॉली ट्रॅक्टरमागं जाते. २४ चा बल्ब १२ वर लावला की नुसती तांबूस वात दिसते. जवळ उभं राहून बघितलं तर 'लागलाय' असं वाटतं, शंभर पावलांवरून काहीच दिसत नाही. हे बंद दिव्यापेक्षा वाईट, कारण मालक निर्धास्त राहतो.

माझं मत एलईडीला. १० ते ३० व्होल्टवर चालणारे दिवे मिळतात, ट्रक असो की ट्रॅक्टर, तोच दिवा तसाच लागतो. फक्त डब्यावर '१०-३०' छापलेलं बघून घ्या.

पार्ट्स दुकान, बीड बायपास

छापलेलं सगळंच खरं नसतं. '१२-२४' लिहिलेले स्वस्त दिवे २८ व्होल्टवर एका मोसमात निम्मे विझलेले माझ्याकडं परत येतात. शिवाय इंडिकेटर लुकलुकवणारा जुना फ्लॅशर बल्बच्या लोडवर चालतो. उद्या ट्रकचे बल्बही कुणी एलईडीचे केले की इंडिकेटर भराभर मारायला लागतो, नाहीतर मारतच नाही.

माजी सैनिक, नांदेड

मी ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या शाखेत, गाड्यांच्या वायरिंगवरच नोकरी केली. वरच्या सगळ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट सुटली : ब्लॅकआउट.

लष्करी गाडीचा लाइट स्विच साध्या ट्रकसारखा नसतो. रात्री शत्रूला दिसू नये म्हणून एका पोझिशनला नेहमीचे दिवे, अगदी ब्रेक लाइटसुद्धा, तोडलेले असतात आणि फक्त बारीक दिवे चालू राहतात. लिलावातली गाडी घेणाऱ्या नव्या ड्रायव्हरला हे कुणी सांगत नाही. स्विच त्या जागी राहिला तर तुमचे रिले, कन्व्हर्टर, एलईडी सगळं बरोबर असूनही ट्रॉली अंधारात. म्हणून जोडणी करण्याआधी स्विचच्या प्रत्येक पोझिशनला मागच्या सॉकेटची एकेक पिन मीटरनं तपासा आणि लिहून ठेवा. तारेच्या रंगावर विसंबू नका, गाडी किती हातांतून गेली ते आपल्याला माहीत नसतं.

अजून एक. मोबाइलवर अमेरिकन ट्रकचे डायग्राम बघून काम करणारी पोरं मी बघितलीत. त्यांच्या एम-३५ सारख्या गाड्यांमध्ये तीन खिट्ट्यांचा स्विच, १२ पिनांचं नाटो सॉकेट, आणि मागच्या एकाच फिलामेंटवर ब्रेक आणि इंडिकेटर दोन्ही. आपल्याकडं इंडिकेटर वेगळा, पिवळा. तो डायग्राम इथं लावला तर ब्रेक दाबल्यावर दोन्ही इंडिकेटर पेटतील.

मी कन्व्हर्टर-रिलेच्या बाजूनं आहे. मूळ वायरिंगला कात्री लावायची नाही, हे वायरमनचं मला पटलं. पण ब्लॅकआउट स्विच उपटून टाकावा असं कुणी म्हणत असेल तर त्याला माझा विरोध आहे. तो नेहमीच्या पोझिशनला लॉक करा, पुरेसं आहे.

टँकरवाला_अंबड

काका, मान आहे तुम्हाला. पण एवढं सगळं करण्यापेक्षा मागं जाड लाल रेडियमची पट्टी मारली तर? ऊसाच्या निम्म्या ट्रॉल्या तशाच जातात. तार तुटायची भानगड नाही, बल्ब जायची भानगड नाही.

सुनीता, तेलगाव

दादा, आमचं घर रस्त्याला लागून आहे, म्हणून बोलते. रेडियम मागच्या गाडीचा उजेड पडला तरच चमकतं. मोटारसायकलचा हेडलाइट मिणमिणता असला, समोरून डिप्पर न देता कुणी येत असला, तर पट्टी असून नसल्यासारखी. आणि ट्रॉली चालती आहे की उभी, हे पट्टी सांगत नाही. लोक उभ्या ट्रॉलीवरच जाऊन आदळतात. पट्टी पाहिजेच, पण दिव्याच्या जोडीला. मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे असं मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे, ते उगीच नाही.

ऊसाच्या ट्रॉलीबद्दल अजून एक. दिवा असतो, चालूही असतो, पण मागं लोंबलेले वाढे त्याच्यावर येतात. कितीही व्होल्टचा असला तरी दिसत नाही. दिवे खालच्या चॅसीवर, वाढे पोचणार नाहीत अशा जागी, बाहेरच्या टोकाला घ्या. इथं एवढी चर्चा व्होल्टची चालली आहे, जागेची कुणी काढलीच नाही.

ऊसवाहतूक माजलगाव

ताईंचं शंभर टक्के खरं. वरून जाळीचा पत्राही पाहिजे, नाहीतर ट्रॉली खाली होताना पहिला दिवाच फुटतो.

आणि ट्रक घेणाऱ्यांनो, गाडीचा हिरवा रंग तसाच ठेवू नका. ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांशिवाय कुणाला चालत नाही, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२१ वा नियम आहे. ट्रॉलीची नोंदणीही वेगळी असते, तीही बघा.

गोदाकाठचा वायरमन

एलईडीबद्दल. ट्रॉली स्वतःची असेल आणि दिवे चांगले घेतले तर माजलगावच्या भाऊंचा रस्ता सोपा आहे. माझ्याकडं येणारे बहुतेक ट्रकवाले टँकर भाड्यानं जोडतात, आज एकाचा, उद्या दुसऱ्याचा. दुसऱ्याच्या ट्रॉलीचे दिवे बदलायला तो जात नाही. म्हणून १२ व्होल्ट ट्रकच्याच मागच्या टोकाला तयार मिळाले पाहिजेत, या मतावर मी कायम आहे. फ्लॅशरची अडचणही इथं येत नाही, कारण ट्रकचे मूळ बल्ब जागेवर राहतात आणि रिलेची कॉइल अगदी थोडा करंट घेते.

पार्ट्स दुकान, बीड बायपास

आणि कन्व्हर्टर आतून शॉर्ट झाला तर? २८ व्होल्ट सरळ ट्रॉलीत. भाड्याच्या ट्रॉलीचे सगळे बल्ब एका झटक्यात जातील, भरून कोण देणार?

गोदाकाठचा वायरमन

प्रश्न रास्त आहे. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये असं होतं. म्हणून आउटपुटला जास्त व्होल्टेज गेलं की स्वतः बंद पडणारा घ्यायचा, आणि तो इंजिनच्या उष्णतेपासून लांब, चॅसीच्या आतल्या बाजूला, खाली तोंड करून बसवायचा. म्हणजे पाणी आत साचत नाही.

टँकरवाला_अंबड

मी कन्व्हर्टर घेणार नाही, एवढं स्पष्ट सांगतो. माझा टँकर स्वतःचा आहे, ट्रॅक्टरला जात नाही, तर मी २४ चे बल्ब घालून ट्रकच्या सॉकेटवरून ब्रेक आणि इंडिकेटर दोन्ही घेतो. मधली तार काढून टाकतो. पण एक सांगा, सॉकेटवरून २४ चा डावा इंडिकेटर जोडून बघितला, तो दिला की मागचा लाल दिवा बारीक लुकलुकतो, हे कशानं?

गोदाकाठचा वायरमन

अर्थ. तुमच्या ट्रॉलीला अर्थ हुकच्या पिनमधून मिळत असणार, आणि ती पिन गंजलेली, ग्रीस लावलेली. करंटला परतीचा रस्ता मिळत नाही म्हणून तो दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो. सॉकेटपासून प्रत्येक दिव्यापर्यंत अर्थची वेगळी तार ओढा, बाकीच्या तारांपेक्षा जाड. चॅसीवर जिथं बोल्ट माराल तिथला रंग घासून लोखंड उघडं करा, मगच घट्ट करा. बल्ब २४ चे घाला नाहीतर १२ चे, हे दोन्हींत करावंच लागतं.