घटस्फोटासाठी नाशिकमध्ये वकील कसा निवडावा?

सिडकोची ताई: धाकट्या बहिणीचं परस्पर संमतीने घटस्फोटाचं ठरलंय. एक वकील म्हणतात, "महिन्याभरात मोकळं करतो." विश्वास ठेवावा का?

गंगापूर रोडवाला: ताई, असा शब्द देणाऱ्यापासून लांबच राहा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब नुसार अर्जाआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, नंतर सहा महिने थांबायचं. २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे ते सहा महिने माफ होऊ शकतात, पण ते न्यायाधीशांच्या हातात, वकिलाच्या नाही.

माझ्या वकीलबाई आधी दिवाणी दावे, वाटण्या वगैरे करायच्या. पहिल्या भेटीत फीबद्दल अवाक्षर नाही. "मुलगी रात्री कोणाजवळ झोपते? शाळेत कोण सोडतं?" एवढंच. फी नंतर कागदावर लिहून दिली. तारखेला ज्युनिअर न पाठवता स्वतः यायच्या. चिडल्या एकदाच, मी बायकोला रात्री दीडला मेसेज केला तेव्हा. (मलाही नंतर लाज वाटली.)

पंचवटीकर: पैशांची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

सिडकोची ताई: हे माहीतच नव्हतं. सोमवारी बहिणीला घेऊन जाते.