सशांचं पुस्तक खालच्या कप्प्यात कोणी ठेवलं?

ओवीची आई: नमस्कार. सोसायटीच्या पुस्तकांच्या कपाटात ‘वॉटरशिप डाउन’ छोट्यांच्या कप्प्यात कोणी ठेवलं? मुखपृष्ठावर गोजिरा ससा, आत फास, रक्त आणि बिळात गुदमरलेले ससे. ओवी रात्री दिवा बंद करू देत नाहीये.

लेले काका: मी ठेवलंय. रिचर्ड अ‍ॅडम्स यांनी गाडीत स्वतःच्या मुलींना सांगितलेली गोष्ट आहे ती. १९७२ चं पुस्तक, बालसाहित्याचं कार्नेगी पदक मिळालंय.

ओवीची आई: पदकाने झोप लागत नाही, काका.

पार्थचे बाबा: ‘वॉरियर्स’चा दुसरा भाग कोणाकडे आहे?

लेले काका: फायव्हर नावाच्या सशाला संकट आधीच दिसतं, पण त्यांचा प्रमुख ऐकून घेत नाही. मोजके ससे निघतात, जवळपास तेच वाचतात. तिथे घरं बांधायची म्हणून माणसं बिळं बुजवतात. मुलांना हे कळायला नको?

सौरभ (चौथा मजला): बिल्डर आणि न ऐकणारा प्रमुख. ओळखीचं वाटतंय 😂

सेक्रेटरी: टोमणे नकोत. गळतीचं काम सुरू आहे.

देशपांडे मॅडम: छोट्यांना ‘रेडवॉल’ वाचून दाखवा. ब्रायन जेक्स लिव्हरपूलच्या एका अंध मुलांच्या शाळेत दूध पोचवायचे आणि मुलांना गोष्टी वाचून दाखवायचे. त्या मुलांसाठीच लिहायला घेतलं, म्हणून पानोपानी वास, चवी, मेजवान्या.

सौरभ (चौथा मजला): मॅडम, मेजवान्या फक्कड. पण तिथे चिमुकला उंदीर जन्मजात सज्जन आणि घूस जन्मजात गुंड. एका भागात रेडवॉलच्या मठात वाढलेला फेरेट (मुंगसासारखा प्राणी) तोही विषप्रयोगच करतो.

देशपांडे मॅडम: आणि शेवटी सांभाळणारीसाठी भाला अंगावर घेतो. पूर्ण वाचत चला.

सौरभ (चौथा मजला): घेतो. तरी तीच म्हणते, हा वाईटच होता! मला तिथेच खटकलं.

पार्थचे बाबा: ‘वॉरियर्स’चा दुसरा भाग? पार्थ अडकलाय.

नेने काकू: त्याच पुस्तकापायी पोरांनी पार्किंगमधल्या मांजरांच्या टोळ्या केल्यात. हद्दी आखल्यात खडूने. माझ्या बॉनेटवर रोज पंजे!

पार्थचे बाबा: काकू, पार्थ फक्त वाचतो.

नेने काकू: मी कुणाचं नाव घेतलं?

देशपांडे मॅडम: घुशींची बाजू हवी तर रॉबर्ट ओब्रायनचं ‘मिसेस फ्रिस्बी अँड द रॅट्स ऑफ निम’ वाचा, १९७१ चं. प्रयोगशाळेतून पळालेल्या घुशी लिहायला-वाचायला शिकतात. शेतकऱ्याची वीज चोरून दिवे लावतात, मग त्यांनाच ते खटकतं आणि चोरीशिवाय जगायचं ठरवतात.

नेने काकू: घुशींना कळतं. इथे कॉमन मीटरवर स्कूटर चार्ज होते.

सौरभ (चौथा मजला): हा मेसेज डिलीट केला आहे

सेक्रेटरी: 🙏 विषय पुस्तकांचा आहे.

ओवीची आई: विषय कप्प्याचा आहे. प्राणी दिसला की बालवाङ्मय, हे कोणी ठरवलं? पुस्तक ठेवणाऱ्याने आधी चाळावं, एवढंच.

लेले काका: मी तीनदा वाचलंय. वरच्या कप्प्यात ठेवतो. पण त्यावर ‘भीतीदायक’ अशी चिठ्ठी लावू नका, पोरं आधी तेच पळवतील.

ओवीची आई: ‘दहा वर्षांपुढील’ लिहा. मोठ्या अक्षरात.

पार्थचे बाबा: आणि दुसरा भाग?

नेने काकू: माझ्याकडे आहे. संपला की देते.