ऑटिझम एवढा का वाढतोय? आणि लहानीला एमआरची लस द्यावी का?

यावलची_आई

नमस्कार. माझा मुलगा पावणेतीन वर्षांचा आहे. दीड वर्षाचा असताना "आई", "पापा", "भू" म्हणायचा, मग हळूहळू ते बंद झालं. हाक मारली तर वळत नाही, पण कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात ठेवून पळतो. जळगावच्या डॉक्टरांनी ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची शक्यता सांगितली, पुढच्या तपासण्या व्हायच्या आहेत.

घरात रोज नवीन कारण निघतं. सासूबाई म्हणतात, "आमना येळले असं काही नव्हतं." नणंदबाई लसीला दोष देतात. मिस्टर म्हणतात, गरोदरपणी तापात पॅरासिटामॉल घेतली होतीस, अमेरिकेच्या अध्यक्षांनीच ती घेऊ नका म्हटलंय. मला स्वतःला फवारणीची भीती वाटते, आमचं घर केळीच्या मळ्यातच आहे. फिरून फिरून सगळं माझ्यावरच येतं.

धाकटी मुलगी आठ महिन्यांची आहे. पुढच्या महिन्यात तिची एमआरची, म्हणजे गोवर-रुबेलाची लस. आशाताई विचारून गेल्या, मी काहीच बोलले नाही. काय करू?

तापीकाठचा_भाऊ

ताई, लस थांबवा. माझ्या साडूचा मुलगा चांगला बोलत होता, दीड वर्षाची लस दिली आणि बोलणं गेलं. डोळ्यांनी बघितलंय. आधी कुठे होता हा ऑटिझम?

अमळनेरचा_मास्तर

ताई, लस द्या. हे आधी सांगतो, बाकीचं सावकाश वाचा. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, यंदा दहावीच्या वयाचा. तुमच्या घरातली सगळी वाक्यं आमच्याही घरात बोलली गेली आहेत.

भाऊ, तुमच्या साडूंच्या घरी जे दिसलं ते खरंच. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांत आलेले शब्द परत जातात आणि ते साधारण सव्वा ते दोन वर्षांच्या दरम्यान घडतं. आपल्याकडे एमआरचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत असतो. दोन्ही एकाच वेळी येतात, म्हणून एकामुळे दुसरं झालं असं वाटतं. हे तपासायला डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी पाहिल्या, 2019 साली निष्कर्ष आला: एमएमआर (एमआरसोबत गालगुंडाचीही लस) घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण सारखंच. ताई, तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे ज्यांच्या मोठ्या भावंडाला ऑटिझम आहे अशी मुलंही त्यांनी वेगळी काढून पाहिली. त्यांच्यातही लसीने धोका वाढला नव्हता. जपानने एमएमआर 1993 मध्ये बंद केली, तरी तिथले आकडे वाढतच गेले. ज्या शोधनिबंधातून ही भीती पसरली तो 1998 चा होता, फक्त 12 मुलांवरचा. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो 2010 मध्ये मागे घेतला आणि त्या डॉक्टरचा परवानाही गेला. गोवर मात्र आजही मुलं मारतो.

आता वाढीचं. अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलांत 2000 साली 150 मध्ये एक असा आकडा होता, 2022 च्या मोजणीत 31 मध्ये एक. आकडा बघून छाती दडपते. पण त्याच मोजणीत टेक्सासमधल्या एका ठिकाणी 103 मध्ये एक आणि कॅलिफोर्नियात 19 मध्ये एक निघाला. देश एक, लसी त्याच, औषधं तीच, आणि फरक पाचपट! फरक आहे तो मुलांना किती लवकर आणि किती बारकाईने तपासलं जातं याचा. व्याख्याही रुंदावली. 1943 मध्ये डॉक्टर लिओ कॅनर यांनी 11 ऑटिस्टिक मुलांचं वर्णन केलं तेव्हा फक्त फार तीव्र लक्षणं असलेली मुलं मोजली जात. 2013 पासून सौम्य लक्षणांपासून तीव्रापर्यंत सगळं एकाच नावाखाली येतं. आपल्याकडे 1995 च्या अपंगांच्या कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं, 2016 च्या कायद्यात आलं. 2011 च्या जनगणनेत त्याला रकाना नव्हता. जे लिहूनच घेतलं नाही ते दिसणार कुठून?

सासूबाईंच्या वेळीही ही माणसं होती. माझ्या आजोळी, पारोळ्याकडे, आजीचे एक चुलतभाऊ होते. लग्नात वाजंत्री आली की खळ्यात जाऊन बसायचे, दूध-भाकरीशिवाय काही खायचे नाहीत, विचारलेलाच प्रश्न परत म्हणायचे. गाव त्यांना खुळा म्हणायचं. जन्मभर गुरं राखली. त्यांची नोंद कुणी आणि कशात करायची होती?

सगळी वाढ मोजणीचीच, असं मात्र मी म्हणणार नाही. आईवडलांचं वाढलेलं वय, फार लवकर जन्मलेली बाळं आता वाचतात, याचाही थोडा वाटा आहे. पण मुळात ऑटिझम होण्यात सर्वांत मोठा वाटा अनुवंशाचा. पाच देशांच्या नोंदींवरून तो 80 टक्क्यांच्या आसपास निघाला, तोही एका जनुकाचा नाही, शेकडो जनुकांचा. पॅरासिटामॉलबद्दल स्वीडनमध्ये जवळजवळ 25 लाख मुलांचा अभ्यास 2024 मध्ये आला. सख्ख्या भावंडांची तुलना केली तेव्हा काहीच संबंध उरला नाही. गरोदरपणात अंगावर काढलेला ताप जास्त वाईट. मिस्टरांना हे वाचून दाखवा.

फवारणीची तुमची भीती मी उडवून लावणार नाही. कॅलिफोर्नियात 2014 च्या एका अभ्यासात ऑरगॅनोफॉस्फेट प्रकारच्या कीटकनाशकांच्या फवारणीच्या साधारण दीड किलोमीटरच्या आत राहिलेल्या गरोदर बायकांच्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण जास्त आढळलं. संबंध दिसला, कारण सिद्ध झालं नाही. तरी रावेर-यावल पट्ट्यात गरोदर बाईने फवारणीच्या दिवशी मळ्यात थांबू नये, हे मी कुणालाही सांगेन. पण तुमच्या मुलाचं त्यामुळेच झालं असं कोणीही सांगू शकत नाही, आणि मळ्यात राहणं हा तुमचा गुन्हा नाही.

एके काळी डॉक्टर मंडळी आईच्या थंडपणाला दोष देत होती. तो सिद्धांत खोटा ठरून अर्धशतक लोटलं, पण घराघरांत बोट अजून आईकडेच जातं. मला याचा फार राग येतो.

धुळ्याची_सिस्टर

लसीबद्दल मास्तरांशी सहमत. नऊ महिने पूर्ण झाले की एमआर द्या. एक भर घालते: मोठ्याला ऑटिझम निघाला तर पाठच्या भावंडांत साधारण पाचातल्या एकाला असू शकतो, मुलींत कमी. म्हणून धाकटीवर लक्ष ठेवा. वर्षाची झाली की बोट दाखवते का, नावाला वळते का, हे बघा.

यावलची_आई

मिस्टरांना वाचून दाखवलं. गप्प बसून ऐकलं त्यांनी. आशाताईंना लसीचं हो म्हणते. आता एक नातेवाईक स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) उपचाराचं सांगताहेत, काही लाख लागतील म्हणे. तपासणीला जाताना काय न्यायचं?

अमळनेरचा_मास्तर

स्टेम सेलसाठी एक गुंठाही विकू नका, ऑटिझमवर त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. तो पैसा स्पीच (बोलण्याच्या) आणि ऑक्युपेशनल (रोजच्या कामांच्या) थेरपीला लागेल, तीही घरी तुम्ही दोघांनी रोज केली तर जास्त फळते. निदानाच्या कागदाची वाट बघत बसू नका, आत्ताच सुरू करा. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी मोफत होते, आशाताईंकडून चिठ्ठी घ्या. प्रमाणपत्र मिळालं की यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र) आणि निरामय हा सरकारी आरोग्य विमा काढा, वर्षाला एक लाखापर्यंतच्या खर्चात थेरपीही बसते. नेताना कानाची तपासणी झाली असेल तर तो कागद, लसीकरणाचं कार्ड आणि मोबाईलवर काढलेले छोटे व्हिडिओ न्या: जेवताना, खेळताना, हाक मारल्यावर. अनोळखी खोलीत मुलं वेगळीच वागतात, घरचं डॉक्टरांना दिसत नाही. जुना, तो बोलत असतानाचा एखादा व्हिडिओ असला तर तोही न्या.