गाडीच्या अलॉय रिमवरचे ओरखडे घरीच घालवायचेत, रविवारच्या आत. मदत हवी आहे

बिंदुसरेकाठी: पुढच्या डाव्या चाकाला दुभाजक घासला. रिमच्या कडेला वीतभर पट्टा खरवडलाय, दोन जागी नख अडकतंय. पॉलिश पेपर कितीचा आणू आणि वरून कोणता स्प्रे मारू, तेवढंच सांगा. गॅरेजला जा म्हणू नका, टाइम नाही.

जुना_मोंढा: रिम पूर्ण रंगवलेली आहे का डायमंड कट? फोटो टाका.

बिंदुसरेकाठी: अलॉय म्हणजे अलॉय हो. चांदीसारखी आहे.

मांजराखोरं: मी लातूरला घरीच केलंय, सोपं आहे. आधी चाक शाम्पूनं धुवा, ब्रेकची काळी धूळ राहिली तर रंग धरत नाही. टायर आणि रिमच्या फटीत खेळायचे जुने पत्ते गोल खोचत जा, टायरला रंग लागत नाही. खोल जागी २४० चा पेपर, मग ४००, शेवटी ८०० पाणी लावून. खड्डा राहिला तर लांबी (पुटी) भरा, सुकली की घासा. मग प्रायमर, सिल्व्हर, क्लिअर, सगळे पातळ हात. प्रायमर मात्र ॲल्युमिनियमला धरणारा, एचिंग (etch) प्रायमर म्हणून मागा. साधा मारला तर महिन्यात पापुद्रे निघतात. माझे निघाले होते.

दुधनाकाठ: एवढा कुटाणा कशाला? आमची आजी चिंच-मीठ लावायची, भांडी लखलख.

जुना_मोंढा: आजीची भांडी तांब्या-पितळेची होती. ॲल्युमिनियमला आंबट आणि मीठ लावलं की ते धातू खातं, बारीक खड्डे पडतात. आता कुणीतरी बाथरूमचं ॲसिड सांगेल.

टायरवाला_परभणी: टायरमध्ये नायट्रोजन भरा. उन्हाळ्यात प्रेशर वाढत नाही.

मांजराखोरं: वाढतं की. हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. आणि ते विचारलंय कुणी?

बिंदुसरेकाठी: पेपर आणले, घासायलोय. पण मधल्या काड्यांवर बारीक गोल रेघा आहेत आणि आतल्या खाचा काळ्या. कडेच्या रेघा घासल्यावर गेल्या, तेवढा भाग मंद दिसायलाय. काय चुकलं?

जुना_मोंढा: थांबा! हीच डायमंड कट. त्या रेघा लेथवर कापलेल्या असतात, वर नुसता पारदर्शक लॅकर. हातानं त्या परत येत नाहीत. सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर, पुन्हा कापून मिळतं, पण दर वेळी धातू कमी होतो, म्हणून तेही दोन-तीनदाच. घरीच करायचं तर सगळा चेहरा एकाच रंगात रंगवा. मग चारही चाकं रंगवावी लागतील, नाहीतर एक चाक दुसऱ्या गाडीचं वाटेल.

मांजराखोरं: किंवा तेवढीच कड पॉलिश पेस्टनं चमकवून लॅकर मारा. हातभर अंतरावरून दिसत नाही.

जुना_मोंढा: दुपारी उघड्यावर दिसतं.

मांजराखोरं: दुपारी उघड्यावर ४२ डिग्रीत रिमकडं कोण बघतंय? आणि हो, स्प्रे सकाळी सातच्या आत मारा. उन्हात थेंब वाटेतच सुकतात, रिमवर खरखरीत भुकटी बसते.

दुधनाकाठ: दुभाजक कुठला होता?

बिंदुसरेकाठी: संभाजीनगरात, जालना रोडला. रात्री दिसलाच नाही.

दुधनाकाठ: त्यावर पिवळा पट्टा मारायला कुणाला सुचत नाही. माझ्या भाच्याचीसुद्धा तिथंच...

बिंदुसरेकाठी: दुभाजकाचं राहू द्या हो. रंगाचं बोला. तेवढं ऐंशीच्या वर स्टिअरिंग थरथरतंय, ते बॅलन्सिंगनं जाईल नंतर.

जुना_मोंढा: हे आता सांगताय? ओरखड्यानं स्टिअरिंग थरथरत नाही. रिम वाकली असेल नाहीतर आतून तडा असेल. चाक काढून आतली कड बघा. तड्यावर लांबी भरून रंगवलं तर तडा झाकला जाईल, जाणार नाही.

टायरवाला_परभणी: तडा असला तर आर्गन वेल्डिंग करून मिळतं. मी ३ वर्षं चालवली.

जुना_मोंढा: तुमचं नशीब. वेल्डिंगच्या उष्णतेनं तेवढ्या भागातली ताकद जाते. त्यावर लेकरंबाळं बसवून हायवेला जाऊ नये. त्यापेक्षा एक नवी रिम घ्या.

मांजराखोरं: इथं पटलं तुमचं. स्टेपनी बसवून टायरवाल्याकडं जा, मशीनवर फिरवून बघायला सांगा. स्टेपनीचा साइज लहान असला तर हळू जा. पण रविवारची घाई कसली?

बिंदुसरेकाठी: गाडी दाजींची आहे. रविवारी परत न्यायला येणार आहेत.

दुधनाकाठ: अरारारा.

बिंदुसरेकाठी: जाऊन आलो. तडा नाही, आतली कड वाकलीय. प्रेसवर सरळ होईल म्हणाले, पण रिम सोमवारी मिळेल. तोवर गाडी स्टेपनीवर उभी. दाजींना फोन लावला, ताईनं उचलला. ख्यालीखुशाली विचारून ठेवून दिला.

टायरवाला_परभणी: रिम आली की नायट्रोजनच भरा.