मदत हवी आहे: एका फॉल्टवरचा (खडकातल्या सरकत्या भेगेवरचा) भूकंप शेजारच्या फॉल्टला कसा जागा करतो?

नमस्कार मंडळी,

मी लातूरला अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. पुढच्या आठवड्यात तुर्कस्तानच्या भूकंपांवर तास आहे आणि एका जागी गाडी अडली आहे.

६ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे पूर्व अनातोलिया फॉल्टवर ७.८ चा भूकंप झाला. नऊ तासांनी, भर दुपारी, उत्तरेला सुमारे ९५ किमीवर ७.५ चा, तोही चारदाक नावाच्या वेगळ्याच फॉल्टवर. भूकंपात साठलेला ताण मोकळा होतो असं आपण शिकवतो. मग शेजारचा का हलला? किल्लारीच्या गोष्टी ऐकत वाढलेली मुलं आहेत, "ताण गेला, संपलं" एवढ्यावर सोडणार नाहीत.

तिथल्याच उत्तर अनातोलिया फॉल्टवर १९३९ ला एर्झिंजान, मग १९४२, ४३, ४४ असे भूकंप पश्चिमेला सरकत गेले, ते समजतं. फॉल्ट एकच आहे. पण दोन वेगळ्या फॉल्टचं हे कोडं, गणित न मांडता, कुणी सांगेल का?

प्रतिसाद १
मॅडम, सगळा ताण नाहीसा होत नाही, काही जागा बदलतो. तुटलेल्या पट्ट्यावर घटतो, पण खडक सरकल्यामुळे टोकांपाशी आणि आजूबाजूच्या काही भागांत वाढतो. फॉल्टवर दोन जोर असतात: एक घसरवणारा, दुसरा दोन्ही बाजू आवळून धरणारा. पहिला वाढला किंवा दुसरा सैल पडला की फॉल्ट तुटण्याच्या जवळ येतो. याला कूलोम ताण म्हणतात.

हा बदल असतो किरकोळ. स्टाईन, बार्का आणि डिटेरिख या भूकंप अभ्यासकांनी १९९७ मध्ये उत्तर अनातोलियाचे १० भूकंप तपासले. त्यांपैकी ९ जागी आधीच्या भूकंपांनी ताण वाढवला होता, साधारण १ ते १० बार. गाडीच्या टायरमध्येच दोनेक बार हवा असते! म्हणजे फॉल्ट आधीच टेकीला आलेला असेल तरच एवढ्यानं काम होतं. त्याच निबंधात याच फॉल्टवरच्या इझमित शहराजवळ ३० वर्षांत मोठ्या भूकंपाची शक्यता १२ टक्के दिली होती. ऑगस्ट १९९९ ला तो झाला. १२ टक्के म्हणजे भाकीत नव्हे, हे मुलांना बजावून सांगा.

प्रतिसाद २
उलटही होतं, ताण घटला की शेजारचे फॉल्ट शांत होतात. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर आसपासचे फॉल्ट कित्येक दशकं बरेच शांत होते. आणि १९९२ ला कॅलिफोर्नियात लँडर्सचा भूकंप झाल्यावर १२०० किमीपलीकडे यलोस्टोनला बारीक धक्के बसले, ते तिथून जाणाऱ्या भूकंपलहरींमुळे. तो प्रकार निराळा, एकाच तासात कोंबू नका.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. फळ्यावर ताण वाढलेले आणि घटलेले असे दोन्ही भाग काढेन. पण मग नऊच तास का? नऊ वर्षं का नाहीत?

प्रतिसाद १
ते या हिशेबातून निघत नाही. कुठे ताण वाढला ते कळतं, कधी तुटेल ते नाही. इझमितच्या पूर्वेचं दुझ्जे तीन महिन्यांत, १२ नोव्हेंबर १९९९ ला हललं. पश्चिमेला, इस्तंबूलजवळ मार्मारा समुद्राखालीही ताण वाढला होता. तिथे तेव्हापासून ७ चा भूकंप झालेला नाही.